गेडीचा सालदार

माणूस खेळतो म्हणून त्याला पगार द्यायचा, हे ज्या दिवशी माणसाला प्रथम सुचलं, त्या दिवशी संस्कृती एक फार उंच पायरी चढली, असं माझं मत आहे. राबणाऱ्याला मोबदला देण्यात काय मोठेपणा? बैलापुढे कडबा टाकून ते आपण रोजच करतो. पण ज्या कामाने एक दाणा पिकत नाही, की एक घागर भरत नाही, त्या कामासाठी जेव्हा एखादं गाव आपल्या धान्याची कोठी उघडतं, तेव्हा ते गाव पोटाच्या वर उठलेलं असतं. आमचं गाव एका हिवाळ्यात असं पोटाच्या वर उठलं होतं. संक्रांतीच्या सकाळी न्याहारीच्या वेळेला ते परत खाली आलं.

हे आठवायला थंडी पुरेशी होती. नंदुरबारात मार्गशीर्ष लागला की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात, आणि सकाळच्या गार हवेत तो लाल तिखट वास असा काही मिसळतो की थंडीने नाक वाहतंय की मिरचीने, हे सांगता येत नाही. अशाच एका सकाळी मी वाचनालयात बसलो होतो. युद्ध संपल्यापासून वर्तमानपत्रांना पुन्हा कागद मिळू लागला आहे आणि कागद मिळाल्यामुळे काहीतरी छापणं भाग पडतं. त्या दिवशी एका इंग्रजी पत्राच्या कोपऱ्यात, मागल्या एका मोसमात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यांपैकी कोणाला सर्वांत जास्त पगार मिळाला, याची बातमी होती. आकडे मी इथे देत नाही. छापखान्यातल्या जुळाऱ्याजवळ तेवढी शून्यं असतील की नाही, याची शंका आहे. पण ती बातमी वाचताना मला माझ्या गावची नदी दिसू लागली, जानेवारीतली, वाळूच्या मध्यातून करंगळीएवढी वाहणारी, आणि तिच्या दोन्ही काठांवर हातात वाकड्या काठ्या घेऊन उभी असलेली माणसं.

आमचं गाव तळोद्याच्या अलीकडे, सपाटीवर. नदीच्या पलीकडे जमीन लगेच चढू लागते आणि पहिल्याच चढावर डोंगरातल्या लोकांचं एक गाव आहे. या दोन गावांत दर संक्रांतीला गेडी-दडीचा सामना होत असे. गेडी म्हणजे बोरीची नाहीतर बाभळीची, टोकाशी आपसूक वाकलेली काठी. दडी म्हणजे चिंध्यांचा घट्ट गोळा, वरून अंबाडीच्या दोरीने गुंफलेला, बेलफळाएवढा. नदीच्या मध्यावर दडी ठेवायची आणि काठीने रेटत, फटकावत समोरच्यांच्या काठावर, त्यांच्या शिवेच्या दगडापलीकडे न्यायची. नियम म्हणावेत असे दोनच. पडलेल्याला मारायचं नाही. आणि ज्या चुलीची भाकर त्या दिवशी सकाळी खाल्ली, त्या गावाकडून खेळायचं. पाहुणा असो, जावई असो, वाटसरू असो, भाकर खाल्ली की गेडी त्या गावाची. हरणाऱ्या गावाने गुळाची भेली आणायची आणि ती दोन्ही गावांनी मिळून खायची. त्यामुळे जिंकलं काय आणि हरलं काय, गूळ मिळायचाच. आमच्या गावाला तर तो विकत घेऊनच मिळायचा. मला कळायला लागल्यापासून आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो.

याचं कारण उघड होतं. हिवाळ्यात सपाटीवरची माणसं लोणी आणि भरीत खाऊन गोल होतात. चढावरची माणसं चढावरच राहतात.

त्या काळी मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडून गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. माझे चुलते गावचे पाटील. त्यांना सगळे नाना म्हणत. मामलेदार येणार असला की नाना लाल फेटा बांधत आणि मामलेदार येऊन गेला की पुढचे दोन-चार दिवस तो उतरवत नसत. त्यांच्या छातीत एक तुतारी होती आणि ती फुंकायला त्यांना नेहमी काहीतरी निमित्त लागे. त्या हिवाळ्यात ते निमित्त एका औषधाच्या बाटलीने पुरवलं.

नवापूरकडच्या एका मिशनचे गोरे डॉक्टर हिवाळ्यात बैलांच्या दमणीतून गावोगाव फिरत. त्यांनी शाळेच्या ओट्यावर दवाखाना मांडला. बाटल्या त्यांच्या देशाहून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या होत्या. खोकल्याच्या बाटलीभोवतीचा कागद सोडताना त्यावर एक चित्र निघालं. गादीसारखे कपडे घातलेला एक धिप्पाड माणूस, आणि त्याच्या हातात चक्क आमची गेडी. सगळे रुग्ण आपापला आजार विसरून पुढे आले.

डॉक्टर मराठी एका शास्त्रीबुवांकडून शिकलेले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या देशात शीतकाळी सरोवराचे जल पाषाणवत होते. त्यावर हे पुरुष पायांस पाती बांधून क्रीडा करतात."

मी याचं अहिराणी केलं.

"गोठेल पानीवर?" एकाने विचारलं. "पाय घसरत नही का त्यास्ना?"

"घसरस," दुसरा म्हणाला. "म्हनीसनच पगार देतस ना."

पगाराची गोष्ट खरी होती. चित्राखाली लिहिलं होतं की त्या मोसमातला तो सर्वांत जास्त पगाराचा खेळाडू. नानांनी आकडा मला दोनदा वाचायला लावला, मग मनातल्या मनात त्याचे बैल केले. ते बैल गावात मावेनात, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर, हाऊ मानूस खेळस, अन् बाकी काय करस?"

"काही नही, नाना. खेळसच."

"कोन ठेवस त्याले?"

"त्यास्ना मालक ऱ्हास."

नानांचा चेहरा उजळला. एवढा वेळ त्यांना जे परकं वाटत होतं, ते एकदम घरचं झालं. "मंग आसं सांग ना! सालदारच व्हयना तो!"

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. खानदेशात पगार या शब्दाचा तेव्हा दुसरा अर्थच नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंचांसमोर साल ठरतं: इतकी दादर ज्वारी, दोन धोतरं, एक घोंगडी, एक जोडा, आणि दोन्ही वेळची भाकर मालकाच्या घरची. त्याबदल्यात सालदार बैलांच्या आधी उठतो आणि बैलांच्या नंतर निजतो. ही व्यवस्था फार गोड होती, असं मी म्हणणार नाही. गोड असती तर मालकांनी ती स्वतःसाठीही ठेवली असती. पण ती सर्वांना पाठ होती. त्यामुळे नानांनी जेव्हा गावासाठी एक पगारी गेडीवाला ठेवायचं ठरवलं, तेव्हा तो सालदार म्हणूनच ठेवायचा, याबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही. साल मध्येच कसं लावायचं, एवढाच प्रश्न निघाला.

"साल आखाजीले ठरस," पंचांपैकी एक म्हातारा कुरकुरला. "मार्गशीर्षमा कोनी सालदार ठेवस का?"

"बर्फ काय आखाजीले पडस?" नानांनी विचारलं. आणि साल मार्गशीर्षात लागलं.

माणूस कोण, हेही सर्वांना ठाऊक होतं. पलीकडच्या गावात वेस्ता नावाचा एक जवान होता. तो मूळ त्या गावचा नव्हता. वर, तोरणमाळच्या अंगाने कुठूनतरी खाली आला होता. त्याला गेमाची मुलगी सुरती बायको म्हणून हवी होती. गेमा त्या गावातला वजनदार म्हातारा. डोंगरात नवऱ्या मुलाने मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं. ज्याच्याजवळ द्यायला काही नाही, त्याने सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबायचं आणि मग लग्न. वेस्ता असा राबत होता. राबता राबता दर संक्रांतीला गेमाच्या चुलीची भाकर खाऊन तो आमच्या गावाला गूळ विकत घ्यायला लावत होता.

नानांनी त्याला बोलावलं. सालाची नेहमीची बोली सांगितली आणि वर एक तांबडी कालवड आगाऊ. ती कालवड गेमाला देज म्हणून गेली की राबण्याची उरलेली वर्षं माफ, आणि फाल्गुनात लग्न. वेस्ता अंगणात उकिडवा बसून ऐकत होता. त्याला मी ते कागदावरचं चित्रही दाखवलं. आमच्या गावातल्या कोणाचाही गोठलेल्या पाण्यावर मनातून विश्वास नव्हता. डॉक्टर चांगले होते म्हणून लोक मान डोलावत होते, एवढंच. वेस्ताला मात्र नवल वाटलं नाही. त्यांच्या वरच्या पाड्यावर पौषातल्या पहाटे गवतावरचं दव काचेसारखं होतं, आणि पोरं ते काडीसकट जिभेवर ठेवतात, असं तो म्हणाला. त्या काचेवर उभं राहायचं म्हणजे दव जास्त पडत असेल, एवढाच त्याचा तर्क. चित्राकडे बराच वेळ पाहून त्याने विचारलं, "खास काय हाऊ?"

हा खातो काय, हे वर्तमानपत्रात नव्हतं. आजच्याही नव्हतं.

घरात काकूने मात्र या सगळ्या प्रकाराकडे चुलीपलीकडून पाहिलं. "काठी फिरावाले कालवड देतस," ती नानांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात तव्याला म्हणाली, "अन् मन्ही पाटली मोडेल पडेल शे, ती कोनले दिखत नही."

कालवड पोचवायला वेस्ताबरोबर मला पाठवलं, साक्षीदार म्हणून. त्या दुपारची उन्हं मला अजून अंगावर आठवतात. थंडीतलं ऊन म्हणजे पाठीवर ठेवलेला ओळखीचा हात. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, दादरीच्या कणसांत दूध धरलं होतं, आणि कालवड दर दहा पावलांवर थांबून कुंपणाचा पाला ओढत होती. वेस्ता तिला ओरडत नव्हता. तो तिच्याकडे असा पाहत चालला होता की जणू ती चालते म्हणजे फाल्गुनच चालत येतो आहे.

गेमाने कालवडीचे दात पाहिले, शेपूट पाहिली, कानाच्या मागे खाजवून तिचा स्वभाव पाहिला. कुडाच्या भिंतीआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग गेमा वेस्ताशी भिलीत काही बोलला, सावकाश, आवाज न चढवता. वेस्ताची मान खाली गेली. नंतर म्हाताऱ्याने तेच मला अहिराणीत सांगितलं, म्हणजे साक्षीदाराची सोय व्हावी.

"मास्तर, जनावर चांगलं शे. मी नही म्हनत नही. पन एक गोठ सांगस. जो मन्हा शीववर दडी चढावी, तो मन्हा दारमा नवरदेव बनीसन कसा येई? गावले मी काय सांगू?"

"मंग?"

"मंग ही कालवड लई जा. अन् त्यालेबी लई जा."

एवढं बोलून त्याने आम्हाला ताक दिलं. ताक उत्तम होतं.

कालवड पुन्हा पुढे घालून परतताना मला वेस्ताची अडचण स्वच्छ दिसत होती, आणि दुसऱ्याची अडचण स्वच्छ दिसणं यासारखं निरुपयोगी काही नाही. आमच्याकडून खेळला तर सुरती गेली. नाही खेळला तर नाना कालवड मागून घेणार, देज गेलं, आणि पुन्हा सासऱ्याच्या दारी राबणं. तेही गेमाने पुन्हा ठेवून घेतलं तर. आत्ता तो ज्या अंगणातून निघाला होता तिथे त्याची जागा रिकामी झाली होती, आणि ज्या अंगणाकडे चालला होता तिथली भाकर त्याने अजून खाल्ली नव्हती. नदीच्या वाळूत त्याची पावलं माझ्यापुढे उमटत होती, टाचा खोल.

"आते काय करशी?" मी विचारलं.

त्याने तुरीची एक शेंग सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाला, "मास्तर, तो बर्फवाला मानूस शे ना... त्यान्ही बायको कोन्हा गावनी?"

मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलो होतो आणि पुढे स्वतःच्या हौसेने बरंच वाचलं होतं. त्यानंतरही वाचत आलो आहे. खेळाडूंच्या पगाराबद्दल, करारांबद्दल, एका संघाने दुसऱ्याचा माणूस कसा पळवला याबद्दल मी आता पुष्कळ सांगू शकतो. पण वेस्ताने जे विचारलं ते मला कुठल्याही पानावर सापडलेलं नाही. ज्या गावाविरुद्ध तो माणूस पैसे घेऊन खेळतो, त्याच गावात त्याचा सासरा राहत असेल तर संध्याकाळी तो जेवायला कुठे जातो, हे छापण्यासारखं कोणाला वाटत नसावं.

पुढचे दिवस वेस्ता आमच्या घरी राहिला. नानांची कल्पना अशी की तो आता सकाळ-संध्याकाळ गेडीचा सराव करील. पण तो सालदार होता आणि घराला सालदाराची सवय होती. पहाटे गोठा, मग मोट, मग कपाशीची वेचणी, दुपारी कडबा, सांजेला म्हशी. नाना स्वतःच त्याला हाक मारून नांगराचा फाळ ठोकून आणायला पाठवत आणि रात्री जेवताना विचारत, "आज कितलं खेळना?" अख्ख्या पश्चिम खानदेशात त्या मोसमातला तो सर्वांत जास्त पगाराचा खेळाडू होता. दुसरा कोणी नव्हता, म्हणूनही असेल. आणि त्या सबंध काळात त्याने गेडी हातात धरलेली मी एकदाच पाहिली. तेव्हा तो तिने बोरं पाडत होता.

काकूशी मात्र त्याचं जमलं. ती त्याला आधी 'तो' म्हणे, मग 'आपला तो', आणि पौष लागला तेव्हा 'आपला वेस्ता'. जेवताना तो भाकरीचा शेवटचा तुकडा नेहमी ठेवून देई आणि उठताना खाई. काकूने एकदा कारण विचारलं. घरी सुरती अशीच करते, तो म्हणाला. एवढं सांगून तो इतका लाजला की काकूने त्याला आणखी एक भाकर वाढली, आणि मग चुलीकडे तोंड करून उगाच लाकडं सारखी करत बसली. त्या घरात एक मूल होऊन गेलं होतं आणि राहिलं नव्हतं. हे मी इथे लिहितो आहे. घरात ते कोणी बोलत नसे.

संक्रांतीच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की गोठ्यातल्या म्हशी नुसत्या आवाजाच्या होत्या. अंगणात आमच्या गावचे सगळे खेळणारे जमले. नानांनी लाल फेटा बांधला होता. काकू पहाटेपासून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापत होती. वांग्यांच्या भरिताचा धुरकट वास, लोण्याचा गार पांढरा गोळा, कांद्याच्या पातीचा करकरीत आवाज. हा हिवाळा मला असा ताटात वाढून मिळालेला आहे, आणि त्यानंतरचे सगळे हिवाळे त्याच्या उष्ट्यासारखे वाटतात. पानं मांडली. वेस्ता अंघोळ करून, बोलीतलं नवं धोतर नेसून आला. पण पानावर बसला नाही. नानांच्या पाया पडला.

"नाना, मी जास."

"कथा जास?"

"घर. आज सन शे."

नाना हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतो आहे. मग त्यांचं हसणं अर्ध्यावर थांबलं, आणि अंगणातल्या बाकीच्यांचंही. कारण एकदम सर्वांना आठवलं. सालदाराला सणाची सुटी असते. आमच्या घरी तर हा रिवाज नानांच्या वडिलांनी घालून दिला होता, आणि दर आखाजीला पंचांसमोर साल ठरवताना नाना तो मोठ्याने, फेटा सावरत सांगत: आमच्या घरचा सालदार सणाला त्याच्या घरी जातो, त्याला कोणी अडवत नाही. वेस्ताचं साल लावतानाही त्यांनी ते तसंच सांगितलं होतं. सामना संक्रांतीला असतो हे सर्वांना माहीत होतं. संक्रांत हा सण आहे हेही सर्वांना माहीत होतं. या दोन गोष्टी एकाच दिवशी येतात, हे फक्त वेस्ताच्या लक्षात आलं होतं.

"आरे, भाकर तं खाई ले!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी तेवढा मऊ कधी ऐकला नव्हता.

वेस्ताने भाकरीकडे पाहिलं. तीळ चमकत होते. तो पहाटेपासून राबून भुकेला होता, हे दिसत होतं. "भाकर खादी म्हंजे गेडी तुम्हनी, नाना. आजना दिवस तं मन्हा शे."

"रोका त्याले!" मागून कोणीतरी ओरडलं. "कालवड लेल शे त्यानी!"

नानांनी तोंड उघडलं. आतल्या तुतारीची आणि वडिलांच्या शब्दाची त्या क्षणी झटापट चालली असावी. ती संपायच्या आत काकू पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"सनना दिवस सालदारले रोकाना रिवाज ह्या घरमा नही शे," ती म्हणाली. तिने पदराच्या टोकातून तीळगुळाची पुरचुंडी काढली आणि वेस्ताच्या हातावर ठेवली. "हाई ले. गूळ खावाले काय हरकत? गूळनी गेडी लागत नही. अर्धा तिले दे."

सगळे नानांकडे पाहत होते. नानांनी घसा साफ केला. "जाय," ते म्हणाले. "पन सांजले लवकर ये. म्हशीस्ना चारा शे."

वेस्ता धुक्यात गेला. काही पावलांनंतर तो दिसेनासा झाला. नवं धोतर मात्र बराच वेळ पांढरं हलत राहिलं.

सामना झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण धुक्यात कोणालाच काही दिसलं नाही. काठीवर काठी आपटल्याचे आवाज, वाळूत धावणारी पावलं, मध्येच कोणाचातरी "आई गं", मग हसणं. धुकं विरळ झालं तेव्हा मी आमच्या काठाखाली एकटाच उभा होतो आणि समोरून दडी घेऊन वेस्ता येत होता. गेमाच्या घरची भाकर खाऊन आल्यामुळे तो उत्तम पळत होता.

"सरक, मास्तर," तो आदबीने म्हणाला. "लागी."

मी सरकलो. समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यावं, असं आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं होतं.

दुपारी दोन्ही गावं वाळूत बसली आणि आम्ही आणलेली भेली फोडली. मुंग्यांनाही वास लागला. आमच्यातले काही जण नानांभोवती जमून कुजबुजत होते: कालवड परत मागा, आत्ताच मागा, पंच इथेच आहेत. पलीकडे गेमा बसला होता. पण त्याच्या हातातला गूळ त्याने तोंडात टाकला नव्हता. वेस्ता त्याच्या मागे उभा. त्याने नियम कोणताच मोडला नव्हता, आणि तरी त्याचं सगळं आयुष्य आता नाना काय म्हणतात यावर लोंबकळत होतं.

नानांनी लाल फेटा काढला, वाळू झटकली, पुन्हा बांधला. यात बराच वेळ गेला.

"साल मी ठराव," ते शेवटी म्हणाले. "सन मन्हा बापनी दिधा. मंग कालवड कोन्हा तोंडघाई मांगू?"

आणि त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. गेमाने पाहिलं, मग त्यानेही टाकला. नदीवर एवढी माणसं गूळ चघळत होती, आणि त्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मी पोकळ भपक्याचा चाहता नाही. लाल फेट्याबद्दल माझं मत तेव्हाही बरं नव्हतं. पण माणसाला आपल्या बढाईची किंमत मोजायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण बढाई विसरतात. नाना ती विसरले नाहीत, त्या दिवशी तरी.

कालवड गेमाच्या दारी गेली आणि फाल्गुनात लग्न झालं. ढोल दोन दिवस वाजत होते आणि वाऱ्याबरोबर नदी ओलांडून आमच्या शाळेत येत होते. मी पाढे म्हणवून घेत होतो, ते ढोलाच्या तालावर म्हटले गेले. सालदाराची बायको म्हणून सुरती आमच्या गोठ्याशेजारच्या झोपडीत राहायला आली. बारीक, उंच, हसताना ओठांवर हात ठेवणारी. काकू तिला मिरच्या निवडायला हाताशी घेऊन बसे, आणि दोघींच्या बांगड्या आणि शिंका आळीपाळीने ऐकू येत.

गावात मात्र तोवर त्या संक्रांतीची कथा झाली होती. वेस्ताने सुरतीसाठी काय केलं, तिच्या गावासमोर, तिच्या डोळ्यांसमोर तिची मान खाली जाऊ नये म्हणून त्याने तीळ लावलेली भाकर कशी नाकारली, हे लोक एकमेकांना सांगत. सांगताना भाकरीवर लोणीही येऊ लागलं. मीही ते सांगत असे. शाळेत निष्ठा हा धडा शिकवताना तर मी ते बरंच चांगलं सांगत असे. जगात कुठल्याही बर्फावर, कुठल्याही पगाराच्या खेळाडूने काठावर उभ्या असलेल्या एका मुलीसाठी असं काही केलं असेल, असं मला वाटत नव्हतं. आजही, खरं सांगायचं तर, फारसं वाटत नाही.

एका दुपारी मी ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. काकू आणि सुरती मिरच्या निवडत होत्या. काकूने हळूच विचारलं, "सुरती, त्या दिन तो शीववर दडी लई गया, तवय तुले काय वाटनं व?"

सुरतीने ओठांवर हात ठेवला, मग मिरचीच्या हाताने ठेवला हे लक्षात येऊन लगेच काढला.

"मी कवय देखा नही तो खेळ," ती म्हणाली. "संक्रांतले बठ्ठा लोके तठे ऱ्हातस. वरना डोहवर कोनीच नही ऱ्हास. मी गोधड्या धोवाले गई व्हती."